न वाचलेल्या चार ओळी

किरीटचा फोन आला तेव्हा मी गॅसवर पोहे परतत होते. कॉलेजपासून आमच्याशी गुजरातीतच बोलणारा हा मित्र एरवी दहा मिनिटं थट्टा केल्याशिवाय मुद्द्यावर येत नाही. त्या सकाळी एवढंच म्हणाला, "नलू, आपणो दिनू गयो." दिनकर मोहिते. निवृत्त लेफ्टनंट कर्नल, आणि त्याच्या कितीतरी आधी सायन्स फॅकल्टीत फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला माझ्या टेबलावरचा जोडीदार. सकाळी फिरून आला, बूट काढायला खाली वाकला, तो उठलाच नाही. त्याला जाऊन आता दीड महिना झाला. त्याच्या शौर्याबद्दल लोक बोलले, छापूनही आलं. मला जे सांगायचं आहे ते मी त्यालाच सांगायला हवं होतं.

दिनकरचे पणजोबा गायकवाडांच्या घोडदळात होते. त्यानंतर घरात फौजेत गेला तो एकटा दिनकरच. वडिलांना, म्हणजे आबांना, त्याचा कोण अभिमान! कारगिलची लढाई पेटली तेव्हा दिनकर तिकडे होता, त्याची बायको मीना मुलांच्या शाळेमुळे जालंधरला, आणि दांडिया बाजारातल्या घरात आबा एकटे. दिनकरची आई दोन वर्षांपूर्वी कॅन्सरने गेली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडल्यामुळे आबांना अक्षर दिसत नसे. मी दोन गल्ल्या पलीकडे राहायची, म्हणून दिनकरची पत्रं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. निळी आंतरदेशीय पत्रं, कडेपर्यंत भरलेली. लढाईबद्दल त्यात जवळजवळ काहीच नसे. बर्फ वितळवून केलेला चहा, पायाला झालेले फोड, एका सुभेदाराचं घोरणं... आबा प्रत्येक पत्र दोनदा वाचायला लावत. दुसऱ्या वेळी पुढचं वाक्य माझ्याआधी तेच म्हणत.

एका दुपारी पत्र आलं तेव्हा शेजारचे पटेलकाका बसले होते. आबा त्यांना नेहमीची गोष्ट सांगत होते : "हिच्या शेवटच्या दिवसांत पोराला रजाच मिळाली नाही हो. नाहीतर आईला तशी टाकून राहणारा नव्हे तो." मी पत्र फोडून वाचू लागले. पहिलं पान नेहमीसारखंच होतं. मग या ओळी आल्या : "आबा, मी तुम्हाला खोटं कळवलं होतं. रजा मिळाली होती. सामान घेऊन स्टेशनापर्यंत गेलो आणि परत फिरलो. आईला तशी बघायची हिंमत झाली नाही. मला माफ करता येईल का, ते नलूकडून लिहून कळवा."

मी थांबले. आबांनी मान वर केली. "काय गं, थांबलीस का?"

"अक्षर लागत नाहीये, आबा."

"थंडीने बोटं आखडत असतील त्याची," ते पटेलकाकांकडे वळून म्हणाले.

त्या चार ओळी गाळून मी पुढचं वाचलं. पटेलकाकांसमोर नको, उद्या एकटे असताना सांगू, असं ठरवलं होतं. उद्या गेले तर आबांना ताप. परवा ते खुशीत होते, मग मलाच ती खुशी मोडवेना. उत्तर त्यांनी सांगितलं, मी लिहिलं : "इकडे सर्व मजेत. पायमोजे कोरडे ठेवत जा." तेवढंच दिनकरला पोचलं. श्रावणात आबा गेले.

दिनकरला रजा मिळाली ती थेट दिवाळीत. ओट्यावर बसून त्याने विचारलं, "ते पत्र सगळं वाचलंस?"

"हो."

"मग?"

"काही बोलले नाहीत."

तो रस्त्याकडे वळला. "बरोबर आहे त्यांचं," म्हणाला.

त्याच क्षणी बोलता आलं असतं. पण त्याने माझ्यावर टाकलेला विश्वास मी मोडला होता, आणि ते कबूल करायची मला लाज वाटली. पुढे निवृत्त होऊन तो आमच्याच शहरात, फतेगंजात राहायला आला, आणि दर उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, किरीटच्या गच्चीवर आम्ही जुने सोबती जमू लागलो. उंधियू, जलेबी, आकाशभर पतंग, गळ्यात मफलर घातलेले पन्नाशीचे आम्ही. किरीट त्याला लढाईच्या गोष्टी सांगायला लावायचा. एकदा त्याने विचारलं, "साचु बोल, बीक लागेली?" भीती वाटली होती का, खरं सांग. दिनकर म्हणाला, "तिथे फारशी नाही. त्याच्या आधी एकदा वाटली होती." आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. मी चिक्कीचा डबा आणायला उठले. यंदा जिना उतरताना तो मागे रेंगाळला. "नलू, आबा खरंच काहीच बोलले नव्हते?" मी म्हटलं, "आता कशाला रे ते..."

तेराव्यानंतर मी मीनाला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "आबांचं श्राद्ध ह्यांनी कधीच केलं नाही, नलूताई. म्हणायचे, ज्यांनी मला माफ केलं नाही, त्यांच्यासमोर पान कुठल्या तोंडाने मांडू?" मग तिने विचारलं, "म्हणजे आबांनी माफ केलं नव्हतं, असं नाहीच?"

"त्यांना कोणी विचारलंच नाही, मीना."

तिने पदर आवळून घेतला. रागावली नाही, रडलीही नाही. मी निघाले तेव्हा ती बसूनच राहिली. दिनकर कुणालाही फाटकापर्यंत सोडायला यायचा, गुडघा दुखत असला तरी. रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत तिथेच उभा असायचा. त्या दिवशी फाटकाची कडी मीच लावली. रिक्षा वळताना मात्र त्या रिकाम्या फाटकाकडे माझा हात आपोआप वर गेला...