पाठीवरचं आडनाव

'आपला संघ' म्हणताना तुम्ही नेमके कोणाकोणाला धरता?

आळेफाट्यावर टी-शर्ट छापणारे एक गृहस्थ आहेत. आमच्या गावातल्या वरच्या आणि खालच्या आळीचे क्रिकेट संघ एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, पण दोघांचे टी-शर्ट तेच छापतात. दोन्हीकडचे पाठीराखे एकदम आले, तर एकाला आत बसवतात आणि दुसऱ्याला चहाला पिटाळतात. "तुमी कुणाकडचं?" असं कोणी खोदून विचारलं की म्हणतात, "आमी सुकलेल्या छपाईकडचं, राव. ओल्याला हात लावू नका."

यंदा जत्रेतल्या सामन्यांसाठी आमच्या वरच्या आळीचा कप्तान खेळाडूंची यादी घेऊन गेला. मी सोबत होतो. आडनावावरून जात कळते, म्हणून दलित वस्तीवरच्या तिघांची आडनावं त्याने खोडली होती.

"ह्यांचं नुस्तं नाव टाका. खालचे उगा चिडवत्यात, कुणाला घेऊन खेळता म्हून."

गृहस्थांनी यादी त्याच्या हातात परत दिली.

"भाऊ, रन काढायला हे तिघं चालत्यात ना? मग सगळ्यांचं आडनाव टाकू, न्हाईतर कुणाचंच नको. हे असलं माझ्या मशिनवर व्हणार न्हाई."

कप्तान ऑर्डर न देताच निघाला. मी एक शब्द न बोलता त्याच्या मागे गाडीवर बसलो. टी-शर्ट दुसरीकडे छापले गेले, आणि ते तिघे आडनावाशिवाय खेळले.

तुमच्या संघाची यादी छपाईला निघाली की ती हातात घेऊन वाचा. खोडलेलं आडनाव दिसलं, तर गाडीला किक मारायच्या आत कप्तानाला विचारा.