सायकलचं प्रस्थान

पुढं वीस वर्षं मी सायकलनंच कचेरीला गेले. ऊन असो, वारा असो, अंगावर सहावारी असो. पण पहिल्या दिवशी माझी सायकल पुढं गेली आणि मीच मागं राहिले, हे आमच्या घरात अजून कुणी मला विसरू देत नाही.

तेव्हा तंजावुरात ज्याच्या त्याच्या दारात मोपेड येत होती, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडी बूथ निघत होते आणि सरकारी भरती मात्र आटत चालली होती. तीन वर्षं टायपिंगच्या परीक्षांवर परीक्षा दिल्यावर मला वल्लमच्या रस्त्यावरच्या एका कचेरीचं पत्र आलं. सोमवारी दहाच्या आत रुजू व्हा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. घरापासून सायकलनं चांगला तासभर लागायचा.

आणि सोमवारी साडेसात ते नऊ राहुकाळ! आमचे अप्पा राहुकाळात उंबरठ्याबाहेर पाऊल टाकत नसत. एकदा दाढ ठणकत होती, तर दीड तास गाल धरून बसले, पण डॉक्टरकडे गेले नाहीत. आता नऊनंतर निघाले तर दहा चुकणार. साडेसातच्या आधी निघून कचेरीच्या पायरीवर बसते म्हटलं, तर ते म्हणाले, "बंद दारापुढं ताटकळत? शोभतं का?"

मग त्यांनीच तोड काढली. प्रस्थान ठेवायचं. म्हणजे आपली एक वस्तू चांगल्या वेळी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. ती निघाली की आपण निघालो, मग पाय केव्हाही उचला. आई म्हणाली, "एक सुपारी पुरे." पण अप्पा कसले ऐकतात!

"अगो, ही जाणार कशानं? सायकलनं. मग सायकलच ठेवायची."

सव्वासातला चाकाखाली लिंबू चिरडून, हँडलला हार घालून माझी सायकल समोरच्या मामींच्या आवारात उभी राहिली. मी निवांत न्हाले, इडल्या खाल्ल्या, केसांत मोगरा माळला आणि साडेआठला बाहेर पडले.

मामींच्या फाटकाला हे एवढं कुलूप! शेजारी म्हणाले, मामी लग्नाला पापनाशमला गेल्या, संध्याकाळी येतील. फाटकाच्या सळ्यांतून सायकल दिसत होती, मेली नवरीसारखी नटून उभी. भिंतीवर काचा लावलेल्या. आठची बस गेलेली. मुहूर्ताचा दिवस, त्यामुळं एकूण एक ऑटो वऱ्हाडात अडकलेली.

"झालं तुमचं प्रस्थान!" मी भर रस्त्यात ओरडले. "आता त्या सायकललाच पाठवा टायपिंगला!" बोलताबोलता रडूच फुटलं मला. तीन वर्षांची मेहनत त्या कुलपामागं जाताना दिसत होती.

अप्पा माघारी वळले. घरात गेले, घड्याळ पाहिलं आणि मागीलदारची स्वतःची जुनी सायकल काढून आणली. तिचा मधला दांडा एवढा उंच, की साडीत मला ती चालवणं शक्यच नव्हतं.

"बस मागं."

"अप्पा, अजून राहुकाळ..."

"बस म्हणतो ना!"

साठीचा माणूस, एका गुडघ्यात कायमची कळ. कालव्यावरचा पूल ओलांडला, पुढं चढ लागला, तसा त्यांचा श्वास मला मागं ऐकू यायला लागला. उतरते म्हटलं तर खेकसले, "गप बस, तोल जातो!" मला त्यांचा राग येत होता आणि त्याहून जास्त दया येत होती. मी कॅरिअर घट्ट धरून बसले.

दहाला दहा कमी असताना मी सही केली. कारकुनानं मला पाणी प्यायला दिलं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाहेर आले, तर अप्पा अजून चिंचेखाली बसलेले. शर्ट अंगावरच वाळलेला, हातात गोटीसोड्याची बाटली. मी शेजारी बसले. सकाळी घाईत पुढचा विचार केला नव्हता, पण आता मलाच धाकधूक वाटायला लागली होती. शेवटी त्यांचीच मुलगी मी.

"अप्पा, राहुकाळात निघालो आपण. नोकरी टिकेल ना?"

त्यांनी सोड्याचा घोट घेतला.

"तुला काय होतंय? तू सव्वासातलाच निघालीस. राहुकाळात निघालो तो मी."