नऊशे जणांना गेलेला प्रश्न

आईच्या आजारपणात योगिनी बोरस्ते पुण्याहून नाशिकला आली. आई जाऊन आता दीड वर्ष झालं, तरी ती पाथर्डी फाट्यावरच्या फ्लॅटमधून एकटीच काम करत राहिली. दिवसभरात भाजीवाल्याशी दोन वाक्यं बोलली तर बोलली.

कंपनीतले नऊशे प्रोग्रामर रोज एकच पोर्टल उघडत. कुणाच्या प्रोग्रामचं बिल्ड फसलं, कुठल्या सर्व्हरचं प्रमाणपत्र संपत आलं, याची सूचना पोर्टलच्या मागे चालणारी प्लगिन्स, म्हणजे छोटे जोड-प्रोग्राम, पाठवत. ती ज्याची त्यालाच पोचावी, हे बघणं योगिनीचं काम. चाचणीसाठी ती स्वतःलाच सूचना पाठवायची. कोपऱ्यातल्या घंटीवर लाल ठिपका आला की झालं.

एका गुरुवारी दुपारी तिनं चाचणीत लिहिलं, ‘जेवलीस का?’ ती पुण्यात असताना आई रोज फोन करून हेच विचारायची. पण त्या दिवशी सूचना कुणाला पाठवायची, ती जागा रिकामी राहिली. रिकामी असेल तर सगळ्यांना जावी, असं तिनंच कोडमध्ये लिहून ठेवलं होतं.

दोन मिनिटांत टीम लीड महेशचा फोन आला.

“योगिनी, काय गेलंय हे सगळ्यांना? बंगळुरूवाले विचारतायत, हा कुठला एरर?”

“चुकलं माझं. बदलते लगेच.”

तिनं त्याच सूचनेच्या जागी ‘चाचणी. दुर्लक्ष करावे’ असं पाठवलं. तेवढ्यात चॅटवर अनोळखी नाव आलं, दिशा.

“नाही जेवले अजून. तुम्ही?”

योगिनीनं लिहिलं, “मीही नाही.”

दिशा नाशिकजवळच्याच पिंपळगाव बसवंतची निघाली, पुण्यात खोली घेऊन एकटी राहणारी. मेसची आमटी, सुट्टीत द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये केलेलं काम, असं काहीबाही अर्धा तास चाललं. शेवटी दिशानं लिहिलं, “उद्या माझा इथला शेवटचा दिवस. आधी का नाही चुकलात?”

योगिनी कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसली.

शुक्रवारी तिनं कोड दुरुस्त केला. नाव नसेल तर सूचना जाणारच नाही. सोमवारी दुपारी तिनं दिशाला ‘जेवलीस का?’ अशी सूचना पाठवली. एरर आला नाही. नोंदींचा लॉग उघडला तेव्हा दिसलं, पोचलेल्या सूचना शून्य. कंपनी सोडून यादीतून गेलेल्या माणसाची सूचना पोर्टल मुकाट्यानं गाळत होतं. फोन नंबर मागायचं दोघींनाही सुचलं नव्हतं.

तिनं महेशला कळवलं.

“मग बरोबरच आहे ना ते?” तो म्हणाला.

“हो,” योगिनी म्हणाली. “बरोबर आहे.”