महाराजांना साहेब करताना

नॉटिंगहॅमला आमच्या शेजारी एक इंग्रज आजोबा राहायचे. नव्वदीला टेकलेले, जुन्या काळचे नट. मूकपट झाले, बोलपट झाले, गावोगावची थिएटरं झाली. त्यांच्या आल्बममध्ये मात्र ते स्वतः कुठे सापडायचेच नाहीत. जिकडे तिकडे तोंडाला तपकिरी रंग फासलेले, डोक्याला फेटा गुंडाळलेले हिंदुस्थानी महाराज. बिचाऱ्यांनी हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता, पण तिथली निम्मी संस्थानं या गृहस्थांनीच चालवली होती!

"एकदा तरी माझ्या चेहऱ्याने काम करायचं होतं," ते म्हणायचे. "पण मॅनेजर म्हणायचे, हे नाक, हे काळे डोळे, तू राजाच शोभतोस."

हसायला आम्हाला तोंड कुठे होतं? आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकात दरवर्षी एक गोरा कलेक्टरसाहेब असायचा, आणि माझे सर्जन यजमान अर्धा डबा टाल्कम थापून तो व्हायचे. त्या वर्षी दिग्दर्शन माझ्या गळ्यात पडलं. म्हटलं, शेजारी अस्सल माल असताना पावडर कशाला? आजोबांना चार इंग्रजी वाक्यं दिली. महिनाभर गार्डनच्या कुंपणापलीकडून ती ऐकून ऐकून माझे कान किटले.

आणि नाटकाच्या दिवशी स्वारी हॉलवर आली ती तोंड तपकिरी रंगवून, फेटा बांधून!

"अहो, साहेब व्हायचंय तुम्हाला!" मी ओरडलेच.

"माहितीये," ते म्हणाले. "पण याच्याशिवाय स्टेजवर जायची भीती वाटते."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी कोल्ड क्रीम घेऊन स्वतः त्यांचं तोंड पुसलं. मग मात्र पठ्ठ्याने चारही वाक्यं न अडखळता म्हटली. टाळ्यासुद्धा पडल्या.

ते विंगेत येतात न येतात तोच यजमान मराठीत म्हणाले, "साहेब काही खरा वाटला नाही हं." उचलली जीभ, लावली टाळ्याला! कमिटीनेही माना डोलावल्या. इंग्रज कसा दिसतो, हे आम्हाला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक ना!

आजोबा माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. "काय म्हणतायत?"

"म्हणतायत, पुढच्या वर्षीही तुम्हीच."

"याच चेहऱ्याने?"

"याच," मी म्हटलं, आणि यजमानांच्या देखत तो टाल्कमचा डबा कचऱ्याच्या बिनमध्ये टाकला.