जित्या माणसाचं पान

आमच्या ह्यांचं नाव जयदेव. बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण सांगायलाच बसले तर घेणार. न्हावा शेव्याला कस्टमचे कागद फिरवण्यात ह्यांची तीस वर्षं गेली. बरोबरच्यांनी फ्लॅट घेतले, ह्यांनी पदकं जमवली. तीही दुसऱ्या महायुद्धातल्या, रशियाच्या बाजूनं लढलेल्या साध्या शिपायांची. सेनापतींच्या पदकांकडे हे ढुंकून बघत नाहीत. म्हणतात, त्यांच्यावर पुस्तकं आहेत, ह्या शिपायांना कोण आहे?

एक पदक फार लाडकं. चांदीचं, वर रणगाडा, मागे नंबर. बंदरात आलेल्या एका बोटीवरच्या आचाऱ्यानं दिलेलं. त्या नंबरावरून माणूस शोधायचा म्हणून हे चार वर्षं तिकडच्या दफ्तरांना पत्रं लिहीत बसले. समोर तळलेला बोंबील ठेवला तरी मान वर नाही! राग यायचा, खरंच सांगते.

शेवटी तिकडच्या दफ्तरातून एक उतारा आला. शिपाई कझाकस्तानचा, नाव तुलेगेन, जन्म १९२४. काम टेलिफोनची तार ओढायचं. तोफगोळे पडत असताना रांगत जाऊन त्यानं सात वेळा तुटलेली तार जोडली, म्हणून पदक. हे वाचून दाखवता दाखवता चष्मा पुसायला लागले, मीही रडले. एकोणीस वर्षांचं पोर हो ते.

पुढे सर्वपित्री अमावास्या आली. घरच्या पितरांची पानं वाढली तसं त्याचंही वाढलं. तिकडे त्याचं कोण करत असेल? वडे, खीर, भोपळ्याची भाजी, सगळं. सोसायटीच्या गच्चीवर ठेवलं, तर कावळा आधी त्याच पानाला शिवला. मला केवढं बरं वाटलं.

दसरा झाला आणि तुलेगेनच्या नातीचा मेल आला; दफ्तरानंच तिला ह्यांचा पत्ता दिला होता. आजोबा आहेत, नव्याण्णव वर्षांचे. पदक कधीच चोरीला गेलं होतं, एकदा हातात घ्यायचं म्हणतात. पण गेले पंधरा दिवस अंथरुणाला खिळलेत.

पंधरा दिवस! मी बोटांवर मोजले, बरोबर सर्वपित्रीपासूनचे. जित्या माणसाचं पान वाढलं होतं मी. हे हसायला लागले. मी म्हटलं, "हसू नका. तो गेला म्हणून तुम्हीच सांगितलंत." तसं काही सांगितलं नव्हतं ह्यांनी, पण कुणावर तरी ओरडायला हवं होतं.

ते पदक द्यायचं म्हणजे ह्यांच्या जिवावर आलेलं. दोन दिवस नुसती डबी उघडायची, मिटायची. मी एका शब्दानं बोलले नाही, जड गेलं पण नाही बोलले. तिसऱ्या दिवशी स्वतःच कागदपत्रं करायला गेले. पार्सल पोचायला तीन आठवडे लागले. तोवर मी रोज ह्यांना नातीला विचारायला लावायची, आजोबा जेवले का.

पोचलं तेव्हा व्हिडिओ कॉल आला. म्हातारबाबा उशीला टेकून बसलेले, पदक कोटाला लावलेलं, हात त्याच्यावर. ते बोलत ते नात इंग्रजीत सांगायची, हे मला मराठीत. सगळ्यांचे आभार मानून झाले, पण माझ्या पोटात राहीना. मी सगळं कबूल केलं, आमची पद्धत काय ते, पान, कावळा, सगळं. माफी मागितली.

ह्यांनी ते नातीला सांगितलं, नातीनं बाबांना. मला वाटलं, संपलं. मग त्यांनी विचारलं, पानात काय काय होतं? मी एकेक सांगितलं. खिरीचं ऐकून हसले, आणि मग डोळे भरले त्यांचे.

म्हणाले, "त्या दिवशी तार जोडायला आम्ही दोघं गेलो होतो. सेरिक परत आला नाही. त्याच्या मागे कुणी नाही. बाई, ते पान त्यानंच खाल्लं असेल. तो नेहमी माझ्याच ताटात जेवायचा."