दोन जावांची तक्रार

माझी मावशी गौरम्मा निलंग्याजवळच्या एका खेड्यात राहते. तूर चांगली पिकवते, शिव्या त्याहून चांगल्या देते. मी तिचा भाचा अमरेश, लातुरात वकिली करतो. बाउन्स झालेले चेक आणि डाळमिलवाल्या भागीदारांची भांडणं, एवढंच माझं कायद्याचं जग. म्हणून एके दिवशी मावशी माझ्या टेबलावर हात आपटून "आमऱ्या, बँकेवर केस टाकायची" म्हणाली, तेव्हा मी सवयीने विचारलं, "कुठल्या शाखेवर?"

"शाखा न्हाई. फारेनची बँक हाय."

भानगड अशी होती. अनेक देशांनी मिळून काढलेल्या एका बँकेने सरकारला कर्ज दिलं होतं आणि त्यातून गावात सोयाबीन-तुरीसाठी गोडाऊन होणार होतं. गोडाऊनला मावशीची ना नव्हती, तिचीही तूर त्यात जाणारच होती. पण जागा निवडली होती गावाबाहेरच्या माळाची, आणि तो माळ म्हणजे आमच्या चार-पाच लिंगायत घरांची रुद्रभूमी. आमच्यात माणूस जाळत नाहीत, हातात इष्टलिंग देऊन बसवतात आणि माती देतात. पाहणीला आलेल्या सल्लागाराने चितेचं शेड शोधलं, राख शोधली. मातीचे ढिगारे पावसाने केव्हाच सपाट झालेले, वर शेळ्या चरत होत्या. त्याने 'पडीक जागा' असं लिहिलं आणि एसीच्या गाडीत बसून गेला. त्या पडीक जागेत मावशीचा नवरा गुरुबसप्पा बसलेला होता.

"गोडाऊन करा की," मावशी म्हणाली, "पण माझ्या मालकाच्या डोस्क्यावर न्हाई."

मी ऐटीत कायदा उघडला आणि माझी ऐट उतरली. ज्या देशांनी ही बँक काढली, त्यांनीच करारात लिहून ठेवलंय की हिच्यावर इथल्या कोर्टात सहसा दावा चालायचा नाही. आम्हाला पारदर्शक कारभार शिकवायला येणार आणि स्वतः मात्र कोर्टाची पायरी चढणार नाही! सरकारवर दावा लावता आला असता, पण तो माझ्या म्हातारपणापर्यंत चालला असता. राहता राहिलं बँकेचं स्वतःचं तक्रार मंडळ. म्हणजे सुनेनेच पसंत करून आणलेली सासू. पण दुसरा इलाज नव्हता, आणि तिथेही एक अट होती: एकट्याची तक्रार घेत नाहीत, झळ पोचणारे किमान दोघं हवेत.

बाकीची घरं पोरांच्या क्लाससाठी लातूरला जाऊन बसलेली. त्यांनी फोनवरच हात वर केले. गावात उरली फक्त जगदेवी, मावशीची धाकटी जाऊ, भिंतीला भिंत लागून राहणारी.

"मरंन, पण त्या जगीच्या दारात जाणार न्हाई," मावशी म्हणाली.

कारण याच माळावर होतं. गुरुबसप्पाच्या शेजारची जागा मावशीने स्वतःसाठी धरून ठेवली होती, एसटीत रुमाल टाकतात तशी. पण मावशी श्रीशैलला गेली असताना जगदेवीचा नवरा शंकरप्पा अचानक वारला, आणि जगदेवीने त्याला नेमकं तिथेच बसवलं. तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. बोलायचं झालंच तर भिंतीकडे बघून, शेळीला उद्देशून.

शेवटी मीच मावशीला ओढत नेलं. जगदेवी अंगणात तूर निवडत होती. तिने मान वर केली नाही. मी सगळं समजावलं, ती खडे वेचत राहिली. मग मावशी शेळीला म्हणाली, "सांग तिला. तिचा बी मालक तिथंच बसलाय."

जगदेवीने सूप बाजूला ठेवलं. "कुठं सही करू?"

तक्रार गेली. पोस्टातून परतताना मावशीने विचारलं, "आमऱ्या, ही जगी मधीच मेली तर?" नियमात काय आहे ते मी पाहिलं नव्हतं. वकिली सवयीने म्हणालो, "अवघड होईल."

ते माझ्या तोंडून गेलं आणि जगदेवीचे हाल सुरू झाले. तिला बीपी होता आणि गोळ्या घ्यायचा कंटाळा. मावशी रोज सकाळी गोळी आणि ज्वारीची आंबील घेऊन तिच्या उशाशी उभी. "आ कर. गिळ. जीभ वर कर, दाव." लोणचं बंद, पापड बंद. जी बाई मरावी म्हणून मावशी दर सोमवारी महादेवाला साकडं घालायची, तिच्यासाठी आता तिने निलंग्याच्या डॉक्टरला दमात घेतलं. जगदेवी मला फोनवर म्हणाली, "अमरेश, बँकेला म्हणावं लवकर कर. ही बया मला जगवून मारायलीय."

वर्षभराने मंडळाची माणसं आली. दुभाष्याने विचारलं, "नक्की कुठे पुरलंय?" दोघींनी बोटं दाखवली आणि तिथेच जुंपली. माझा मालक बेलाच्या बुडाशी, तुझ्याने वीतभर पुढं घेतलंय. न्हाई अक्का, तुमचाच सरकून बसलाय. दोघींची बोटं वितीवितीने भांडत होती. साहेब लोक खाली बघून पाय उचलायला लागले. पडीक जागेवरून कुणी एवढं भांडत नाही, हे त्यांना दुभाष्याशिवाय कळलं.

मंडळाचा अहवाल गेला, बँकेने सरकारला कळवलं, आणि गोडाऊन डांबरी रस्त्याच्या पलीकडे सरकलं. मी पेढे घेऊन गावी मुक्कामाला गेलो.

सकाळी मावशी घरात दिसेना. पलीकडून आवाज आला म्हणून मी भिंतीवरून डोकावलो. मावशी आंबिलीचा गडू घेऊन उभी होती आणि जगदेवी डोळे पुसत होती.

"निकाल लागला की अक्का. आता मी मेले तरी चालतंय."

"मर की," मावशी म्हणाली. "आधी गोळी घे."