सारख्या लांबीचे छर्रे

नववीत शाळा सोडल्यानंतर मला नीट आलं ते एवढंच: दोन जबड्यांच्या मधे वस्तू धरायची, दाबायची आणि आकडा वाचायचा. कोल्हापुरातल्या एका मशीन शॉपमध्ये मी पंपाच्या ओतीव भागांची शेवटची तपासणी करतो. हातात तो जबड्यांचा व्हर्नियर असला की मला कशाची फारशी भीती वाटत नाही. एरवी वाटते. माझं घर गोंदियाकडे, म्हणजे राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. वर्षातून एकदा गावी जायला गाडीत बसतो, आणि परत येईपर्यंत आपली खोली आपलीच राहील ना, ही काळजी मला मिरजेच्या आतच सुरू होते.

खोली शिवाजी पेठेत, एका घराच्या माडीवर. खाली काका, काकू आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी. काकांची शेती हातकणंगल्याकडे आहे. मी इथे येऊन चार वर्षं झाली तरी ते मला ‘पावणं’च म्हणतात. दुसऱ्या वर्षी मला कावीळ झाली. तेव्हा काकूंनी तीन आठवडे मऊ भात आणि ताक जिना चढून वर आणून दिलं. काका दारात उभे राहून म्हणायचे, “कोल्हापुरात ऱ्हाऊन तांबडा रस्सा चालत न्हाय म्हंजे जलम वाया की हो पावणं!” पण रोज सकाळी डोळ्यांचा पिवळेपणा बघायला तेच आधी यायचे. या माणसांसाठी आपण काहीतरी करायला पाहिजे, हे तेव्हापासून माझ्या मानेवर बसलं होतं. वाईट एवढंच, की मला फक्त मोजता येत होतं.

मुलगी एअर पिस्तुल मारते. दहा मीटरवरचं लक्ष्य, साठ नेम, आणि पिस्तुलात प्रत्येक वेळी शिशाचा एक बारका छर्रा. छर्रा पुढून चपटा, कमरेत बारीक आणि मागे घागऱ्यासारखा पसरट, पोकळ. यंदा पुण्याला राज्याची निवड चाचणी होती, आणि काकांनी निकाल आधीच देऊन ठेवला होता. “नंबर लागला तर फुडं. न्हाय लागला तर पिस्तुल कपाटात, आन् ब्यांकेच्या परीक्षेचं पुस्तक टेबलावर.” मुलगी तिथेच पिस्तुल पुसत बसली होती. तिच्या तोंडावरून मला कळलं, की पुस्तक टेबलावर आलं तर तिचं काय होईल.

त्याच आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीत, मोबाइलवर मला एक गोरा म्हातारा दिसला. तो आपल्या घरी बसून पिस्तुलाची काडतुसं भरत होता. आपल्याकडे हे करायला बसलं तर पोलीस चहाची वाट न बघता उचलतील, पण त्याच्याकडे चालत असावं. तो काय बोलत होता ते मला कळलं नाही. इंग्रजी येत नव्हतं, व्हर्नियर येत होता. तो प्रत्येक काडतूस जबड्यात धरायचा, आकडा दाखवायचा आणि मग दोन कागद पुढे करायचा. लांबी सारखी असलेल्या काडतुसांची भोकं एका जागी, कमीजास्त लांबीच्यांची विखुरलेली. ‘लेंग्थ’ हा शब्द आमच्या ड्रॉइंगवर रोज असतो. म्हणजे गोष्ट लांबीची होती! एवढं सोपं, आणि पेठेत कुणाला सुचलं नव्हतं.

छर्ऱ्याला काडतूसही नसतं आणि दारूही नसते, मागे नुसती दाबलेली हवा. तरी कामावरच्या साहेबांना विचारून मी एक जुना डिजिटल व्हर्नियर घरी आणला, बर्फाचा एक नवा ट्रे घेतला आणि छर्ऱ्यांचा पहिला डबा उघडला. एका डब्यात पाचशे. रोज कामावरून आलो की दिवेलागणीपर्यंत मोजणी. ट्रेच्या एकेका खणात एकेक लांबी. मुलगी वर येऊन बघायची, आणि सारख्या लांबीचे छर्रे सरावाला घेऊन जायची.

“दादा, तुमी तर सोनार झालासा की!”

पहिल्या दिवशी पाचशे छर्रे सात खणांत विखुरले. आठवड्यानंतर तीन खणांत मावायला लागले. दुसऱ्या आठवड्यात जवळजवळ सगळे एकाच खणात. हात बसला, असं मला वाटलं. कंपनीनेही माल सुधारला असावा, असंही वाटलं. तिसरं कारण काही मनात आलं नाही.

इकडे मुलीचे गुण उतरायला लागले. रोज दोन, कधी चार. काका म्हणाले, तिचं ध्यान नाही. काकू म्हणाल्या, नजर लागली. ती स्वतः घरी आली की उजवा हात पुढे धरून बोटांकडे बघत बसायची. मला झोप लागेना. मोजण्यात आपली कसूर होतेय म्हणून मी आणखी मन लावून, आणखी घट्ट धरून मोजू लागलो.

तिला शिकवणारे सर एका शिबिराला परगावी गेले होते, ते चाचणीच्या आधीच्या रविवारी परतले. मायलेकी त्या दिवशी काकांबरोबर नृसिंहवाडीला दर्शनाला गेल्या होत्या. सरांनी फोन करून मला रेंजवर बोलावलं. छर्रे कोण निवडतंय ते त्यांना कळलं होतं. मी ट्रे घेऊन गेलो, खरं सांगायचं तर थोडा ऐटीतच.

त्यांनी पिस्तुल टेबलावरच्या शिकंज्यात आवळलं, म्हणजे माणसाच्या हाताचा संबंध उरला नाही. आधी सीलबंद डब्यातले दहा छर्रे मारले. कागदावर एकच भोक, मसुरीच्या दाण्याएवढं. मग माझे दहा. कागदावर कुणी मूठभर वाटाणे फेकल्यासारखं झालं.

सरांनी माझा एक छर्रा भिंगाखाली धरला. “कशानं मोजलास?”

“व्हर्नियरनं जी.”

“मोजून दाखव.”

मी दाखवलं. ओतीव लोखंडावर बारीक कंगोरे असतात, म्हणून आमच्यात अंगठ्याने जबडा चांगला दाबून धरतात, नाहीतर आकडा खोटा येतो. सर माझ्या अंगठ्याकडे बघत राहिले.

“अरे, हे शिसं हाय. घागऱ्याची कड कागदाएवढी पातळ. तू लांबी मोजली न्हाईस, मर्दा. तू दाबून लांबी सारखी केलीस!”

तीन आठवडे मी माझ्या अंगठ्याचं माप घेत होतो, आणि ते फार अचूक निघालं होतं. काडतुसात गोळी किती खोल बसते त्यावर आतला दाब बदलतो, म्हणून त्या म्हाताऱ्याला लांबी बघावी लागते, हेही सरांनी समजावलं. “तुझ्या छर्ऱ्याला त्याचं काय? त्याच्या घागऱ्याची कड गोल ऱ्हायली पायजे, बास.”

घरी आलो आणि जिन्यातच बसलो. ट्रंकेत काय काय भरावं लागेल ते मोजून झालं. दुपारी तिघं वाडीहून परतली. काकूंनी कवठाच्या बर्फीचा पुडा सोडला आणि पहिली वडी माझ्या हातावर ठेवली. ती हातात धरूनच मी सगळं सांगितलं. 

काका उठून उभे राहिले. “पावणं! लोखंड मोजालाय का शिसं, एवढं तरी बगायचं की! पोरीचं वरीस घालवलासा!”

“वरडू नगासा,” काकू म्हणाल्या. “त्यानं सांगितलं तरी. गप बसला असता तर?”

मुलीने मात्र आपला उजवा हात पुढे धरला.

“दादा, म्हंजे माझा हात गेलेला न्हाय?”

“नाही. सर म्हणाले, वाकड्या छर्ऱ्यांवर एवढे गुण काढते, म्हणजे हात उलट सुधारला आहे.”

“आन् मी तीन आठवडं सवताला शिव्या घालालोय!” तिने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की बर्फी खाली पडली. “काल ब्यांकेचा फॉर्म भरलो की वो मी!” मग ती ओट्याला टेकून रडली, आणि मधेच हसली. मी काय करावं ते न कळून बर्फी उचलत राहिलो.

पुण्याला ती सीलबंद डबा घेऊन गेली. त्या दिवशी मी कामावर इतक्या हलक्या हाताने माल मोजला, की साहेबांनी विचारलं, हाताला लागलंय का. दुपारी काकांचा फोन आला. मागे एवढा गलका, की त्यांना तीन वेळा ओरडावं लागलं: निवडीला लागतात त्यापेक्षा दोन गुण जास्त, नंबर लागला.

रविवारी घर माणसांनी भरलं. काका मधे बसून सांगत होते, “ह्यो आमचा पावणा. तीन आठवडं एकेक छर्रा मोजून दिलाय ह्येनं. असा माणूस मिळत न्हाय.” मी तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून जोरात दाबला. हातकणंगल्याहून आलेल्या त्यांच्या मेहुण्यांनी लगेच विचारलं, “आमच्या पोराचं छर्रंबी मोजून द्याल काय?” तेव्हा मात्र मला राहवलं नाही. शिसं, अंगठा, घागऱ्याची कड, वाटाण्यांसारखी भोकं, सगळं सांगून टाकलं. त्यांनी ते मान हलवत नीट ऐकून घेतलं, आणि काकांकडे वळून म्हणाले,

“एवढं केलं, पन गर्व न्हाय बगा अजिबात.”